कुम गाडीत आहे

एकतीस वर्षं मी हेच केलं. विमानतळावर नावाची पाटी धरून उभं राहायचं, उतरलेला माणूस गाडीत घालायचा आणि डोंगर ओलांडून शेजारच्या देशाच्या राजधानीत नेऊन सोडायचा. सोफिया ते स्कोप्ये हा रस्ता तर मला तोंडपाठ. पण गेल्या वर्षी डाव्या डोळ्यानं दगा दिला. डॉक्टरनं स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं, आणि माझी मुलगी रात्का म्हणाली, "गाडी मी चालवते."

"चालवते म्हणे! घाटरस्ता आहे तो, कोपऱ्यावरून पाव आणायचा नाहीये."

"बाबा, सात वर्षं शाळेची बस चालवतेय मी. मागं चाळीस कार्टी किंचाळत असताना."

मग मी अट घातली. पहिल्या फेरीला मी शेजारी बसणार. फेरी नीट झाली तर गाडी तिची, नाहीतर विकून टाकणार. तिनंही एक अट घातली: मी तोंड उघडायचं नाही.

आणि पहिली फेरी नेमकी कुमाची निघाली, बघा.

आमच्याकडे कुमाशिवाय लग्न लागत नाही. चर्चमध्ये नवरा-नवरीच्या मागं तो उभा राहतो, त्यांच्या डोक्यांवर मुकुट तो धरतो, साक्षीची सही त्याची. मान पिढीजात. बापाच्या लग्नाला ज्या घरचा कुम, मुलाच्या लग्नालाही त्याच घरचा. ऐनवेळी दुसरा कोणी उभा केला की दोन घरांचं नातं संपलंच म्हणायचं. आमचा हा कुम म्हणजे ग्लिगोर, स्वीडनमध्ये फरश्या बसवतो, चाळिशीचा भला माणूस. त्याचं स्कोप्येचं विमान रद्द झालं, म्हणून बिचारा सोफियाला उतरला, तोही उशिरा. बाहेर पडायला एक वाजला. लग्न स्कोप्येत चारला, आणि लगेच साडेचारला त्याच चर्चमध्ये दुसरं लग्न. आमचं स्कोप्येचं घड्याळ सोफियाच्या तासभर मागं चालतं, म्हणून हातात चार तास तरी होते. रस्ता साडेतीन तासांचा.

रात्कानं गाडी काढली ती अशी, की नसलेला ब्रेक दाबून दाबून माझा उजवा पाय दुखायला लागला. त्यात तिनं दोन्हीकडच्या काचा खाली केल्या.

"अगं, वारा आरपार जातोय! माणसाची मान धरेल, मुकुट कसा धरणार तो?"

"बाबा, अट."

क्युस्तेंदिल मागं पडलं, चढ लागला, आणि मला मनातल्या मनात कबूल करावं लागलं की पोरगी वळणं छान घेते. तोंडानं अर्थातच मी काही बोललो नाही.

सीमेवर रांग. ऑगस्टमधला शनिवार, जर्मनी-ऑस्ट्रियाला गेलेली निम्मी जनता गावी परतत होती. पुढं चाळीसेक गाड्या.

"अर्धा तास लागेल," रात्का म्हणाली. "जमतंय आपलं."

"अर्धा तास कशाला? इथं मला कोण ओळखत नाही? तो ड्रागोमिर आहे ना, त्याच्या हातची कॉफी प्यायलोय मी."

"बाबा, बसा गप. पाया पडते तुमच्या."

पण बसेन तर मी कसला! उतरलो, सदरा खोचला आणि तडक खिडकीशी गेलो. ड्रागोमिर दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाला होता. खिडकीत मिसरूड फुटलेला एक अधिकारी. मी आपला हसून म्हणालो, जरा आमची गाडी पुढं घ्या, आपलीच माणसं आहोत.

"कुठली गाडी?" त्यानं विचारलं.

मी ऐटीत बोट दाखवलं. "ती निळी."

"त्या निळ्या गाडीला सांगा, रांगेच्या शेवटी जायचं. वशिल्यानं आलेल्यांची जागा तिथं असते."

शेवट आता साठ गाड्यांच्या मागं होता. रात्कानं गाडी वळवून मागं नेली आणि एक शब्द बोलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ग्लिगोरनं डोकं दोन्ही हातांत धरलं. "आजोबा कुम होते, बाबा कुम होते," तो म्हणाला. "आणि माझ्यापाशी तुटणार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासष्ट वर्षांचा गाढव!

रात्का उतरली. मला वाटलं, आता रडायला कुठंतरी आडोशाला जाणार. ती सरळ पुढच्या गाडीच्या खिडकीशी जाऊन वाकली.

"माझ्या गाडीत कुम आहे," ती म्हणाली. "चारला लग्न आहे. मघाशी आम्ही वशिला लावायला गेलो, चूक आमची. आता तुम्हालाच विचारते. वाट देता का?"

गाडीतला ढेरपोट्या माणूस डोळे फाडून बघत राहिला. "कुम? अरे मग कुम इथं काय करतोय?" त्यानं गाडी बाजूला घेतली.

दुसरी खिडकी, तिसरी. प्रत्येक ठिकाणी तेच, चूक आमची या शब्दांसकट. मी मागनं ऐकत होतो आणि कान तापत होते. पण ती मान खाली घालत नव्हती, लाचार होत नव्हती. दहाव्या गाडीनंतर तिला बोलावंच लागेना, बातमी तिच्या पुढं पळत होती. ट्रकवाला खाली उतरून हातवारे करत गाड्या उजवीकडं घ्यायला लागला. श्तिप गावच्या एका बाईनं सामानातून कोरा भरजरी टॉवेल काढून आमच्या आरशाला बांधला, वरातीच्या गाडीला बांधतात तसा. आणि मग हॉर्न सुरू झाले!

"कुम, तुझी थैली पेटली रे!" बायका ओरडल्या. लग्नात कुमाला असंच डिवचतात, म्हणजे तो नाणी उधळतो. ग्लिगोर बिचारा रडत रडत हसत खिडकीतून स्वीडिश नाणी फेकत होता.

तो अधिकारी बाहेर आला. "काय गोंधळ आहे हा?"

"कुम!" अख्खी रांग ओरडली.

त्यानं रात्काकडं पाहिलं. "कुणाची हरकत नाही ना?" कुणाचीच नव्हती. त्यानं शिक्का मारला आणि मला म्हणाला, "आजोबा, हिला आधी पाठवायचं होतंत."

"हो रे बाबा," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

उतार लागला. क्रिवा पालांका गेलं, कुमानोवो गेलं. स्कोप्येत शिरलो की पाहुण्याला दगडी पूल, किल्ला, जुना बाजार, एकेक पुतळा दाखवत मी जे भाषण ठोकतो ते नावाजलेलं आहे. त्या दिवशी पूल आला नि गेला, मी मुलीकडं बघत होतो. नदीकाठची वाहतूक तुंबलेली, पण तिनं दोन ट्रकांमधून गाडी अशी अलगद काढली की मी पाय हलवायचाच विसरलो. किल्ल्याखालच्या चर्चपाशी थांबलो तेव्हा चाराला सहा मिनिटं कमी होती.

ग्लिगोर उतरला तसा ढोल वाजला. नवऱ्याचा बाप धावत येऊन माझ्या गळ्यात पडला. "स्पासे, तुझ्याशिवाय हे कुणाला जमलं नसतं!"

स्तुती मी आयुष्यात कधी परत केलेली नाही. पण म्हणालो, "मी नाही आणला. मी तर त्याला रांगेच्या शेवटी पाठवला होता. आणला माझ्या मुलीनं. गाडीही तिचीच आहे."

हे मी मोठ्यानं बोललो, चारजणांत. रात्का टॉवेलाची गाठ घट्ट करत होती. तिचे हात थांबले, पण तिनं वर पाहिलं नाही.

लोक आत जायला लागले. दारात पाहुण्यांच्या छातीवर फुलं टोचायला उभ्या असलेल्या मुलीनं मला अडवलं. "आजोबा, तुम्ही कुणाकडचे? नवऱ्याकडचे की नवरीकडचे?"

"मी ड्रायव्हरकडचा," मी छाती काढून म्हणालो.