बिब्बा कुणी घातला

शब्द तोंडातून सुटला आणि चाँद मिस्तरीला वाटलं, आपण एक नट सैल करायला गेलो आणि अख्खं चाकच निखळलं.

"कापलाय," एवढंच तो बोलला होता.

गेवराईबाहेर हायवेला लागून त्याचं पत्र्याचं शेड. भर दुपारी ट्रॅक्टरनं ओढत आणलेली लाल गाडी त्यात उभी होती. दोन दारांची, पोट जमिनीला घासेल इतकी बुटकी, वीसपंचवीस वर्षांपूर्वीची परदेशी गाडी. बंकटनं ती पुण्याहून जुनीच आणली होती. गोदावरीच्या वाळूवर ज्याचा हुकूम चालतो त्या माणसानं असली गाडी कशाला ठेवावी, हे त्याला विचारायची कुणाची छाती नव्हती. माघारी लोक तिला बेडूक म्हणत. आज सकाळी नदीकडच्या रस्त्यावर या बेडकाच्या तोंडातून वाफ आली, इंजिन तापून बंद पडलं आणि मागावर असलेल्या दुसऱ्या टोळीनं गाडी गाठली. बंकटच्या कपाळाला टाके पडले. त्याचा चुलतभाऊ अंगद डोकं फुटून बीडच्या दवाखान्यात बेशुद्ध पडला होता.

म्हणून बंकटला एकच गोष्ट हवी होती. गाडीतलं पाणी गेलं कुठून?

चाँदनं बोनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या जाड रबरी पाइपाखाली हात घातला. खालच्या अंगाला बोट आत शिरलं. रबर कुजून फाटतं तेव्हा कडा चिंधीसारख्या लोंबतात. इथं कडा साफ लागल्या. आणि तीस वर्षांच्या सवयीनं तो बोलून गेला.

"कापलाय ना?" बंकट ओरडला. "मी म्हणलं न्हवतं? कुणीतरी बिब्बा घातलाय माझ्या कामात! काढा बे त्याला भाईर."

उत्तरेश्वर आणि हनुमान ही त्याची दोन माणसं. त्यांनी बाहेर उभ्या जीपच्या मागच्या दारातून एक गाठोडं ओढून खाली टाकलं. गाठोडं कण्हलं तेव्हा चाँदनं ओळखलं. तो सिदू होता, बंकटचा ड्रायव्हर. ऑइल बदलायला यायचा तेव्हा चाँदच्याच कपात चहा प्यायचा. आता एक डोळा सुजून मिटला होता, खालचा ओठ उभा फाटला होता आणि दोन्ही हात पुढं दोरीनं बांधले होते.

"मालक, आईची आन, मी न्हाई केलं," सिदू म्हणाला.

हनुमाननं त्याच्या बरगडीत लाथ घातली. आतून काहीतरी वाळल्या काटकीसारखं वाजलं.

"गाडीला हात याचाच असतो," उत्तरेश्वर म्हणाला. "दुसरं कोण कापंल?"

बंकटनं चाँदच्या हत्यारांतला मोठा हातोडा उचलला. "ज्या हातांनी कापलं, ते हात आधी. ठेवा ऐरणीवर."

दोघांनी सिदूला फरफटत नेऊन त्याचे बांधलेले हात ऐरणीवर दाबले. एका शब्दावर माणसाचे हात जाणार होते आणि तो शब्द चाँदचा होता.

"थांबा, दादा!" तो म्हणाला. "कापलाय म्हणलो मी. कुणी कापलाय, असं न्हाई म्हणलो."

"मग काय पाइप आपोआप कापतोय व्हय? सुरी उगवली का आत?"

उत्तरेश्वर फिदीफिदी हसला.

"नुसत्या बोटाला लागलं ते बोललो. पाइप काढून बघू द्या. सुरीचा असंल तर सुरीचा म्हणीन. मग तुमचं तुमी बघा."

बंकटनं हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला. सिदूच्या बोटांपासून वीतभर. "काढ. तवर याला झोपू देऊ नका रे."

चाँद पुन्हा बोनेटखाली वाकला. मागं पट्ट्याचे फटके सुरू झाले. प्रत्येक फटक्याला स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटत होता. एकदा सिदूनं "मालक" म्हटलं की "आई गं" म्हटलं, ते त्याला कळलं नाही. सैल केलेली क्लिप हातातून पडली, ती त्यानं उचलली, पाइप पिळून ओढला आणि उजेडात धरला.

ती चीर नव्हती. विहिरीच्या दगडाला दोराचा काच पडतो तसा पाइपाच्या खालच्या अर्ध्या भागाला बारीक, खोल काच पडला होता, आणि काच जिथं सगळ्यात खोल तिथं रबर आरपार गेलं होतं. सुरी असा काच पाडत नाही. काहीतरी रोज घासलं होतं, गाडी धावेल तेव्हा तेव्हा. शिवाय काचाभोवतीचं रबर सुजून भजं झालं होतं आणि त्याला काळा चिकटा लागला होता. चाँदनं बोट रॉकेलच्या फडक्यानं पुसलं. डाग हलला नाही. पुन्हा पुसलं. तसाच.

हा डाग त्याच्या ओळखीचा होता. पायात काटा मोडला की त्याची आई रहेमतबी बिब्बा तापवून त्याचं तेल टाचेला लावायची. तो काळा डाग कातडी बदलेपर्यंत जायचा नाही.

तो उताणा गाडीखाली सरकला. रेडिएटरच्या खालच्या पत्र्यात, गाळात, त्याच्या हाताला ते लागलं. बारीक तारेत ओवलेलं सुकलेलं लिंबू, मिरच्यांचे देठ आणि उष्णतेनं फुटलेला एक बिब्बा. तारेच्या टोकाला काळ्या-पिवळ्या पिळाच्या दोऱ्याची गाठ.

तसाच दोरा बंकटच्या मनगटावर होता.

सगळा उलगडा त्याला गाडीखाली पडल्यापडल्याच झाला. असल्या गाडीला पुढून लिंबू-मिरची टांगली तर लोक हसतील, म्हणून बंकटनं ती कुणालाही दिसू नये अशी आत, पाइपाला गुंडाळून बांधली. पाइप थरथरत राहिला, तार करवतीसारखी चालत राहिली. रबर फाटलं तसा वाफेच्या झोतानं सगळा ऐवज खाली फेकला. हे पुन्हा गाळात ढकलावं असं त्याला क्षणभर वाटलं. मग वर फटका वाजला आणि तो बाहेर आला.

"कुणी कापला न्हाई, दादा. ही तार घासली."

उत्तरेश्वरनं वाकून पाहिलं. "च्यायला, खरंच बिब्बा घातला की कुणीतरी!" तो खदखदून हसला. मग त्यानं बंकटच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू मध्येच तुटलं.

बंकट बिब्ब्याकडे बघत होता. मग तो सिदूकडे वळला. "कुणी बांधलं हे?"

सिदूनं उघड्या डोळ्यानं आधी बिब्बा पाहिला, मग मालक. मालकानं हे बांधलं त्या दिवशी बोनेट उचलून धरायला तोच असणार. खोटं बोललं तर हात जातील. खरं बोललं तर आपण अख्खेच नदीच्या वाळूत जाऊ, एवढा हिशेब फुटक्या डोक्यालाही जमतो.

"मी बांधलं, मालक," तो म्हणाला. "मीच."

बंकटनं हातोडा उचलला. तो सिदूच्या तोंडाकडे बघत नव्हता.

चाँदला वाटलं आपण गप्प आहोत. प्रत्यक्षात तो बोलत होता. "दोरा बघा, दादा. त्योच दोरा तुमच्या मनगटाला हाय."

हनुमाननं पाहिलं. उत्तरेश्वरनं पाहिलं. बंकटनं बाही खाली ओढली, आणि त्या ओढण्यातच सगळं कबूल झालं.

मग त्यानं चाँदचं उजवं मनगट पकडलं. सिदूला लाथेनं बाजूला सारून त्यानं चाँदचा हात ऐरणीवर आपटला आणि हातोडा खाली आणला. एकदाच. चाँदला आवाज आधी ऐकू आला, कळ मागून आली, आणि गुडघ्यावर पडल्यावर त्यानं पाहिलं की दोन बोटं फुटून भलतीकडेच वळली आहेत.

"लई दिसतं तुला, चाच्या," बंकट धापा टाकत म्हणाला. "सोडा त्या सिदूला. दोघं मिळून पाइप बसवा. एक थेंब गळला तर डावा हात हाय अजून."

असल्या गाडीचा पाइप जिल्ह्यात मिळत नाही. चाँदनं काच पडलेला तुकडा तेवढा कापून टाकायला सांगितलं, मध्ये लोखंडी नळीचा तुकडा घालायला लावला, दोन्ही बाजूंनी क्लिपा. सांगत होता तो, करत होता सिदू. सिदूच्या मनगटांवर दोरीचे वळ होते आणि तो क्लिपेचा स्क्रू पिळत होता.

"अजून आवळ."

"तुटंल, चाँदभाई."

"तुटत न्हाई. आवळ."

हिरवं कूलंट ओतलं. इंजिन सुरू केलं. गाडीच्या नाकाखाली पुठ्ठा सरकवला आणि चाँद वरून वाकून बघू लागला. काटा चढत चढत मधोमध आला आणि ठरला. सगळे पुठ्ठ्याकडे बघत होते. आणि त्यावर टपकन एक थेंब पडला.

बंकटनं हातोडा उचलला.

"लाल हाय, दादा," सिदू घाईघाईनं म्हणाला. "रगत हाय ते. चाँदभाईच्या बोटाचं."

चाँदनं फुटलेला हात पोटाशी ओढून घेतला. पुठ्ठ्यावर दुसरा थेंब पडला नाही. इंजिन गुरगुरत राहिलं. बऱ्याच वेळानं बंकटनं हातोडा टाकला, जमिनीवरचा बिब्बा उचलला आणि सिदूपुढे धरला.

"बांध परत."

"कुठं, मालक?"

बंकटनं एकदा हनुमानकडे पाहिलं, एकदा उत्तरेश्वरकडे. दोघांनी माना खाली घातल्या.

"भाईर. म्होरं. सगळ्या गेवराईला दिसंल असा."

कुणी हसलं नाही. सिदू गाडीच्या नाकापुढं उकिडवा बसला आणि तार सरळ करू लागला.

"तारेनं नको," भिंतीला टेकून बसलेला चाँद म्हणाला. "सुतळीनं बांध."