चाळीस हाका

आमच्या यंत्राइतकं लाडावलेलं पोर मी दुसरं पाहिलेलं नाही. दर सोमवारी त्याला द्रवरूप हेलियम पाजायचा, पोटातली थंडी शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांवर टिकवायची आणि जाड धातूच्या भिंतींच्या खोलीत कोंडून ठेवायचं, कारण शेजारच्या इमारतीतली लिफ्ट हलली तरी याचं चित्त उडतं. बारा वर्षं मी त्याची सेवा करते आहे. विभाग सरांचा आहे, पण यंत्राचं काही बिनसलं की ते मला आधी कळतं आणि सरांना माझ्याकडून.

माणूस काही ऐकतो, ओळखतो, तेव्हा मेंदूभोवती चुंबकत्वाची अतिशय क्षीण लहर उठते. ती पकडायला यंत्राच्या टोपात बारीक कड्या बसवलेल्या आहेत. इतक्या थंडीत त्या कड्यांमधले इलेक्ट्रॉन जोड्या करून फिरतात आणि कडीत मुद्दाम घातलेल्या पातळ भिंतीतून पलीकडे जातात. भिंत फोडत नाहीत, वरून उडी मारत नाहीत. अलीकडे असतात आणि पलीकडे सापडतात. डोक्यातून लहर आली की हे येणं-जाणं बदलतं आणि माझ्या पडद्यावरची रेघ वर उचलली जाते. पाहुण्यांना हे सांगताना सर डोळे मोठे करतात. मला त्याचं अप्रूप वाटेनासं होऊन बरीच वर्षं झाली होती.

मग अकरा महिन्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ एसी बसवताना दुसऱ्या मजल्यावरून पडला. घरात त्याला ढब्बू म्हणतात. लहानपणी तो खरंच ढब्बू होता. आता खाटेवर हाडं मोजून घ्यावीत असा पडलेला असतो. डोळे उघडे असतात, पण कोणाकडे बघत नाही. आमच्याच रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर त्याची खाट आहे. म्हणजे होती.

तिसऱ्या मजल्याचा नियम असा की दर तीन महिन्यांनी डॉक्टरांची समिती बसते. ज्याच्यात प्रतिसादाची काही खूण दिसते त्याची खाट आणि त्याचे उपचार चालू राहतात. ज्याच्यात दिसत नाही त्याला शहराबाहेरच्या निगा केंद्रात हलवतात. तिथे वीस जणांमागे एक परिचारिका असते. कूस वेळेवर बदलली जात नाही, पाठीला जखमा होतात, मग छातीत कफ साठतो. तिथून कोणी परत आलेलं मी ऐकलेलं नाही. ढब्बूची तिसरी समिती शुक्रवारी होती आणि आधीच्या दोन वेळा डॉक्टरांनी केवळ माझ्या तोंडाकडे बघून कानाडोळा केला होता. या खेपेला त्यांनी स्पष्टच सांगितलं, "तुमच्याच यंत्रावर एकदा बघून घ्या ना."

सोमवारी बघितलं. आमची पद्धत ठरलेली आहे. खोलीत रुग्णाशिवाय कोणी नसतं आणि आवाज बाहेरून, प्लॅस्टिकच्या नळीतून कानापर्यंत जातो. आईच्या आवाजात 'ढब्बू' ही हाक आणि शेजारपाजारच्या मुलांची टोपणनावं रेकॉर्ड केली. चाळीस वेळा त्याचं नाव, चाळीस वेळा परकी नावं, उलटसुलट क्रमाने. रेघ सपाट आली.

आई बाहेर बाकावर बसली होती. मी तिला समजावं म्हणून कड्यांची, पातळ भिंतीची सगळी हकिगत सांगितली. तिने नीट ऐकलं.

"भिंत जाड असली तर?" तिने विचारलं.

"तर जाण्याची शक्यता कमी होते. फार कमी."

"पण शून्य होते का?"

"नाही, शून्य नाही होत."

"मग बरं," ती म्हणाली. "अगं, पण तो नळीतून आलेला आवाज माझा आहे असं त्याला कसं कळावं? मलाच तो माझा वाटला नाही. मला आत जाऊ दे."

मी नाही म्हणायला हवं होतं. दुसऱ्या कोणाची आई असती तर दारातून परत पाठवली असती आणि वर दोन शब्द सुनावले असते. माझ्या आईच्या मी बांगड्या काढल्या, साखळी काढली, कानातलं, केसांतल्या पिना, हुक असलेले कपडे, सगळं काढून तिला रुग्णाचा झगा घातला आणि ढब्बूच्या डाव्या हाताला, टोपापासून वीतभर अंतरावर लाकडी खुर्चीत बसवलं. पुन्हा ऐंशी हाका झाल्या. तिच्या कानात नळी होती, मी बाहेरून यादीतलं नाव सांगायचं आणि तिने हाक मारायची.

परक्या नावांना रेघ सपाट होती. 'ढब्बू'ला वर उचलली गेली. चाळीसपैकी अडतीस वेळा.

मी बारा वर्षांत ऑफिसात रडले नव्हते. त्या दिवशी टेबलावर डोकं टेकून रडले. आईला आत जाऊन सांगितलं तेव्हा ती ढब्बूच्या कपाळावर हात ठेवून नुसती उभी राहिली. मग वर जाऊन परिचारिकांना, झाडूवालीला, लिफ्टमनला, भेटेल त्याला सांगत सुटली की माझा मुलगा ऐकतो. अकरा महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्यादेखत पोटभर जेवली.

खरं सांगायचं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. लहर फार मोठी होती. मेंदूची लहर इतकी ठसठशीत नसते, ती चाळीसेक नोंदींची सरासरी काढून हाताला लागते. शिवाय ती कानांच्या वरच्या भागात यायला हवी, ही टोपाच्या डाव्या कडेला आली होती. दुसऱ्या कोणाच्या रुग्णावर असं आलं असतं तर मी हसून ती नोंद पुसून टाकली असती. पण ती माझ्या भावाची होती, म्हणून मी ती छापून पिशवीत घालून घरी नेली.

बुधवारी सकाळी आई चपला घालायला वाकली आणि सैल गळ्यातून तिच्या छातीवरचा व्रण दिसला. सात वर्षांपूर्वी तिच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती. छातीचं हाड कापलं की ते पोलादी तारांनी शिवतात. त्या तारा आयुष्यभर आतच राहतात. संमतीच्या कागदावर सही मी केली होती. ढब्बूच्या अंगात कुठे धातू आहे का, याची दोन पानी यादी मी डोळ्यांत तेल घालून भरली होती. आईसाठी यादी भरायचं मला सुचलंच नव्हतं, कारण ती रुग्ण नव्हती, आई होती.

यंत्राची तपासणी आहे असं सांगून मी तिला पुन्हा आत बसवलं. खाटेवर ढब्बूऐवजी आमचं तपासणीचं प्लॅस्टिकचं डोकं ठेवलं. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, आत मिठाचं पाणी असतं. "याला हाका मारायच्या?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती माझं काम असेल म्हणून निमूट हाका मारू लागली आणि मी कॅमेऱ्यात बघत राहिले. परकं नाव आलं की ती ताठ बसून म्हणायची. 'ढब्बू' आलं की पुढे झुकायची. फार नाही, चार बोटं. तिला स्वतःला ते कळतही नव्हतं. छातीतल्या तारा टोपाजवळ सरकल्या की रेघ तश्शी वर उचलली जात होती.

त्या प्लॅस्टिकच्या डोक्याकडे ती चाळीसच्या चाळीस वेळा झुकली.

मी तिला सगळं खरं सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, सरांनी तो कागद प्रश्न न विचारता समितीपुढे ठेवला असता आणि तीन महिने मिळाले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण खोट्या नोंदीवर सही करायला माझा हात धजेना आणि त्या हाताचा मला आजही राग येतो.

आईने झग्यावरूनच छातीवरच्या व्रणावर हात ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मी मध्ये आले."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. माझ्या तारेच्या आवाजात त्याचा आवाज दबला असेल. मला बांधून बसव. मी हलणार नाही."

गुरुवारी मी तिला बांधलं. खुर्ची दोन हात मागे, भिंतीला टेकून ठेवली. छातीभोवती आणि कपाळाभोवती रुंद बँडेज गुंडाळलं. मी गाठ मारताना ती म्हणाली, "अजून घट्ट कर, मला भरवसा नाही." ढब्बू समोर टोपात डोकं घालून छताकडे बघत पडला होता. तिने चाळीस वेळा त्याला हाक मारली. शेवटच्या दहाबारा हाकांना आवाज चिरकत होता, पण शरीर हललं नाही. कॅमेऱ्यात तिच्या मानेच्या शिरा तेवढ्या ताणलेल्या दिसत होत्या.

मी आत जाऊन गाठी सोडल्या. "हलले का मी?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

"सपाट आहे, आई."

तिने बँडेज माझ्या हातातून घेतलं आणि गुंडाळून नीट ठेवलं. "शून्य नसते म्हणाली होतीस," ती म्हणाली. मी म्हटलं होतं खरं. इलेक्ट्रॉनांबद्दल म्हटलं होतं, आणि हे वाक्य तिच्यापुढे उच्चारायची मला काही गरज नव्हती.

शुक्रवारी समितीने पाच मिनिटांत निर्णय दिला. सोमवारी ढब्बूला निगा केंद्रात हलवलं. त्याच सकाळी यंत्राला हेलियम पाजायचा होता, म्हणून मी दुपारी गेले.

आई रोज दोन बस बदलून जाते. परिचारिका येत नाही तेव्हा तीच त्याची कूस बदलते. मागच्या रविवारी मी दारातून बघत होते. ती त्याच्या खाटेपासून लांब, भिंतीला लावलेल्या स्टुलावर बसली होती. पाठ ताठ होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले. तिथे ना टोप आहे ना कड्या, तिचं हलणं मोजणारं काहीच नाही. "ढब्बू," ती म्हणाली आणि थांबली. मग पुन्हा म्हणाली.

"अगं, जवळ जाऊन बस ना," मी म्हटलं.

"नको," ती मान न वळवता म्हणाली. "मी मध्ये येते."