हिरव्या दिव्याचा बाबा

हे लिहायचंच नाही असं इंजिनियरने ठरवलं होतं. शेवटी लिहिलं, पण स्वतःला ‘तो’ म्हणत. तेवढीच लाज जरा लांब बसते.

तर, गल्लीच्या टोकाला किरणबाबाने खोली घेतली आणि बायका कडेवर पोरं घेऊन सकाळपासून रांगा लावायला लागल्या. बाबा बाळाच्या छातीवर यंत्राची चकती टेकवायचा. लाल दिवा म्हणजे छातीत दोष. मग डोळे मिटून ‘कंपनांचं शुद्धीकरण’ पुटपुटायचा, आणि दोन-चार बैठकांत दिवा हिरवा. दोष गेला, दवाखाना बंद.

रांगेत सगळ्यात पुढे इंजिनियर. हा मोबाईल दुरुस्त करायचा, तेही व्हिडिओ बघून शिकलेला. गल्लीने चिडवायला नाव ठेवलं आणि याने ते मनावर घेतलं. याच्याच घरात राहणाऱ्या ताईची तान्ही ठमी ताप-खोकल्याने बेजार होती. ताई दवाखान्यात निघाली, तर यानेच तिला अडवून कंपनांचं विज्ञान समजावलं, मध्येमध्ये स्वतः खोकत. ठमीचा दिवा हिरवा झाला, एक दिवस तापही उतरला. मग याने अख्ख्या रांगेला भाषण दिलं.

एका दुपारी चमत्कार बंद पडला. बाबाचा माणूस यंत्र फडक्यात गुंडाळून इंजिनियरच्याच दुकानात आला. इंजिनियरने चपला काढून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला.

आत एक सेल, दोन दिवे आणि मुठीखाली लपलेलं बटण. चकतीची वायर आत आली होती आणि तिला गाठ मारून ठेवली होती. कशालाच जोडलेली नव्हती. वायरलेस असेल, असं त्याला घटकाभर खरंच वाटलं. सेल बदलून त्याने चकती भिंतीला लावली. लाल. बटण दाबलं, भिंत बरी झाली.

यंत्र त्या माणसाने हिसकावून नेलं. इंजिनियर घरी पळाला. ठमीच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी निमोनिया सांगितला, ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं सुरू केली. श्वास सुधारला, पण बारीक ताप हटेना, वजन जागचं हलेना, छातीच्या फोटोत गाठी दिसत होत्या.

“एका आजाराच्या आड दुसरा दडलाय,” त्या म्हणाल्या. “मला क्षयाचा संशय आहे.”

“थुंकी तपासा ना मग,” इंजिनियरने ज्ञान पाजळलं.

“बाळ थुंकतं का? ते कफ गिळतं.”

म्हणून सकाळी दूध पाजण्याआधी नाकातून पोटात नळी घालून तिथलं पाणी काढलं. त्यात जंतू सापडले नाहीत तरी संशय सुटणार नाही, बाळांमध्ये ते थोडेच असतात, असं बाईंनी आधीच बजावलं. मग विचारलं, “घरात कोण खोकतं?”

“माझा खोकला तर सोल्डरच्या धुराचा...” इंजिनियरने सुरुवात केली आणि वाक्य तिथेच सोडलं. ताई त्याच्याकडे बघत होती.

त्याच्या थुंकीत जंतूच जंतू निघाले. ठमीचं औषध सुरू झालं, त्याचंही. ताईने दोघांच्या औषधांच्या वेळा एकाच कागदावर लिहून भिंतीला लावल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबाकडे दोन दिवे होते आणि उत्तर तयार होतं. बाईंकडे फोटो, नळी, वजनकाटा आणि एक अडचणीचा प्रश्न होता, तरी त्या ‘संशय’ म्हणत होत्या. जो उघडून दाखवत नाही, त्याच्यापुढे बाळ ठेवू नका. आणि घरात कोण खोकतं म्हणून विचारलं, तर खरं सांगा.

संध्याकाळी तो मास्क लावून समोरच्या गॅरेजवाल्याकडे गेला, उंबऱ्याबाहेरच थांबला. हा त्याचा जुना मित्र. सगळं ऐकून गॅरेजवाला पाना खाली ठेवत म्हणाला, “आमची ही पोराला घेऊन अजून जाते बाबाकडे. तुझं भाषण ऐकून.”

पोरगं रोज इंजिनियरच्या काउंटरवर खेळायचं. आणि हा तिथेच बसून खोकायचा.

“उद्या रांगेसमोर उभा राहतो,” तो म्हणाला. “यंत्राचं सांगतो. ठमीला आजार माझ्यामुळे झाला, तेही सांगतो.”

“हसतील लेका तुला.”

“रस्त्याच्या पलीकडून सांगेन, म्हणजे हसणं कमी ऐकू येईल. पण पोराला दवाखान्यात तपासून घेतल्याशिवाय तुझी पाठ सोडणार नाही. शब्द देतो.”