बाभळीची शिवळ

माझ्या गॅरेजात येऊन तोंडात पान ठेवून बोलू नका, हे मी गेल्या दोन वर्षांत किती जणांना सुनावलं असंल, गिनती न्हाई. कळमनुरीच्या लोकांना बारीक बोलायची सवय लागली, असं मी सगळ्यांना सांगून राहिलो होतो. पण चोराच्या मनात चांदणं. मला ऐकू येणं कमी झालं होतं, आन् मिस्त्रीचा कान गेला की मिस्त्री गेला.

मुबश्शीर, माझा पोरगा, नांदेडला स्पेअर पार्टचं दुकान चालवतो. गेल्या महिन्यात माझ्या हातून गेलेल्या दोन जीपा दुरुस्त न होता परत आल्या. तो खास गाडी करून आला आन् म्हणाला, "अब्बा, तिसरी गाडी परत आली की शटर पाडायचं. तुमी घरी बसा." त्याला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं चालंना. मी वाटू दिलं. डोकं गेलं म्हणलेलं मला चाललं असतं, कान गेला म्हणलेलं न्हाई. चाळीस वर्षांचं गॅरेज हाय हे. घरी बसून काय करू, बायकोच्या, गौसियाच्या, भाज्या निवडू?

आन् तिसरी गाडी आली ती शंकरसिंगची.

शंकरसिंग तांड्यावरचा. माझा दोस्त, माझ्याच उमरचा. पांढरी अँबेसिडर त्यानं जुनीच घेतली होती, आन् कळमनुरी ते आखाडा बाळापूर तीस वर्षं भाड्यानं चालवली. गेल्या पोळ्याच्या आधी वारला. शेवटी शेवटी गॅरेजात यायचा तर माझ्या तोंडासमोर उभा राहून, गाय हाकलावी तसा ओरडून बोलायचा. गाडीत कसा आवाज येतो ते तोंडानं सांगायचा न्हाई, माझ्या गुडघ्यावर बोटानं ठोकून दाखवायचा. मी चिडायचो. "अरे, मी काय बहिरा हाय का?" तो नुसता हसायचा.

गाडी घेऊन आली त्याची पोरगी सरिता. सरकारी दवाखान्यात नर्स हाय. आईला, म्हणजे मिराबाईला, दर पंधरा दिवसांनी बाळापूरला तपासायला नेते.

"चाचा," ती माझ्या पुढ्यात येऊन म्हणाली, "पहिला गिअर टाकला की मागं खाड करतं. रिव्हर्स टाकला की परत खाड. एका मिस्त्रीनं सांगितलं, मागचं सगळं डिफरन्शल बदला. आई म्हणते, एवढं करण्यापेक्षा भंगारात दे."

"भंगारात," मी म्हणलं. "आन् त्याला काय कळतं? आवाज कुठून येऊन राहिला ते न बघता बदला म्हणतो. नाचता येईना, अंगण वाकडं."

बोललो खरा. ह्या गाडीत आवाज शोधायचा होता, आन् आवाजच मला ऐकू येत नव्हता.

गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली, म्हणजे खाली उतरून काम करता येतं, चाकांना दगड लावले. हाताला काय कळतं ते आधी बघू म्हणलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडं नेणारा लांब शाफ्ट असतो, त्याच्या दोन टोकांना क्रॉस, म्हणजे फिरते सांधे, असतात. असा आवाज आला की दहातल्या आठ गाड्यांत क्रॉस झिजलेला असतो. शाफ्ट हातात धरून इकडंतिकडं फिरवला. क्रॉस घट्ट. गिअरबॉक्समध्ये जिथं शाफ्ट सरकतो तिथंही ढिलेपणा न्हाई. मग दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शलच्या तोंडाशी खडूची रेघ मारली आन् शाफ्ट हलवून बघितला. रेघ बोटाच्या पेऱ्याएवढीही सरकली न्हाई. जुन्या गाडीच्या मानानं ठीकच.

म्हणजे हातानं सगळं ठीक सांगितलं आन् गाडी खाड करायची थांबली न्हाई. आता कानाचंच काम होतं. मी सरिताला ब्रेक दाबून गिअर टाकत राहा म्हणलं, आन् लांब पेचकसाचं टोक डिफरन्शलच्या लोखंडी खोक्यावर ठेवून मूठ कानाला लावली. उस्तादांनी शिकवलेली रीत. काही न्हाई. दुसरा कान लावला. काही न्हाई. गाडी हादरलेली डोळ्याला दिसत होती, पण कानात नुसता कापूस भरल्यासारखं. त्या खड्ड्यात उभं राहून मला रडायला आलं, खोटं काहून सांगू. शंकरसिंगची गाडी भंगारात जाणार आन् माझं शटर पडणार.

तेवढ्यात उजेडाची बॅटरी हातातून निसटायला लागली. दोन्ही हात लागणार म्हणून मी पेचकसाची मूठ दातात धरली. टोक मागच्या डाव्या पाट्याच्या, म्हणजे चाकाजवळच्या स्प्रिंगच्या, बुडाशी टेकलेलं होतं. वर सरितानं गिअर टाकला.

खाड.

दातातून जबड्यात, जबड्यातून डोक्यात. दोन वर्षांत इतका साफ आवाज मी ऐकला नव्हता. मी हललोच न्हाई. तिनं रिव्हर्स टाकला. खाड. मग मी दातात पेचकस धरून सगळ्या गाडीखाली फिरलो. गिअरबॉक्सवर हलका, डिफरन्शलवर त्याच्याहून थोडा जास्त, उजव्या पाट्यावर मामुली. डाव्या पाट्याच्या बुडाशी घणाचा घाव.

पाट्याचे बोल्ट सैल करून जॅकनं गाडी उचलली. पाट्याच्या मधोमध एक बोल्ट असतो, त्याचं डोकं अॅक्सलच्या, चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, भोकात बसतं, म्हणून अॅक्सल जागचा हलत न्हाई. तिथं बोल्टचं डोकंच नव्हतं. काळं पडलेलं, अर्धं कुजलेलं लाकूड होतं. ते हातात घेतलं आन् मी खड्ड्यातच खाली बसलो.

"चाचा, काय झालं?" सरिता वाकून बघत होती.

"तुझी उमर किती?"

"सत्तावीस."

"ह्याचीबी तेवढीच."

तिला सगळं सांगितलं. कळमनुरीच्या बाजाराचा दिवस. मिराबाई अडलेली, शंकरसिंग तिला दवाखान्यात घेऊन निघाला आन् नाल्याच्या अलीकडं हा बोल्ट तुटला. अॅक्सल तिरका झाला, चाक घासायला लागलं. कुणीतरी सायकलवर मला बोलवायला आलं. माझ्याजवळ बोल्ट नव्हता. बाजाराला चाललेल्या एका बैलगाडीवाल्याच्या जूची शिवळ, बैलाच्या मानेजवळची खुंटी, मी मागून घेतली. बाभळीची होती. विळ्यानं तासली, अॅक्सलच्या भोकात ठोकली, वरून पाटा आवळला. शंकरसिंगला म्हणलं, "कामचलाऊ हाय. उद्या गाडी आण, बोल्ट टाकून देतो." तासाभरानं सरिता झाली. दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन आला, पायी. पेढ्याच्या नादात बोल्ट तोबी विसरला, मीबी.

"काखेत कळसा आन् गावाला वळसा," मी म्हणलं. "माझंच काम, आन् मीच क्रॉस तपासून राहिलो."

सरितानं ते लाकूड माझ्या हातातून घेतलं आन् ओढणीच्या टोकाला पुसलं. 

नवा बोल्ट बसवला, नट आवळले. नांदेड रोडला पुलापर्यंत चक्कर मारली. परत येताना तिनं गाडी बाजूला उभी केली, माझ्याकडं तोंड केलं आन् विचारलं, "चाचा, गेला ना आवाज?"

खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "मला काय माहीत बेटा," म्हणलं. "मला ऐकू येत न्हाई. दोन वर्षं झाली."

ती दचकली न्हाई. "माहीत हाय," म्हणाली. "बाबा सांगायचे. जमीलचाचाच्या समोर उभी राहून बोल, मोठ्यानं बोल, पण त्याला वाटू देऊ नको."

मला पुढचं दिसंना. तो होता तोवर मी त्याला ओरडू नको म्हणून शिव्या दिल्या होत्या, आन् तो माझ्या गुडघ्यावर ठोकून हसत राहिला होता.

"आवाज गेलाय, चाचा," सरिता माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली. "मी ऐकलं ना."

गॅरेजात आल्यावर तिला मुबश्शीरला फोन लावून माझ्या कानाचं सांगायला लावलं. फोनवरचं तर मला काहीच कळत न्हाई. ती बोलत राहिली, मी तिचे ओठ बघत राहिलो.

"काय म्हणतो?"

"म्हणतात, अब्बांनी आधी काहून सांगितलं न्हाई? रडून राहिले ते."

"सांग त्याला, गाडी परत येणार न्हाई. शटर उघडंच राहील. आन् येताना नांदेडहून कानाचं मशीन घेऊन ये म्हणावं."

लाकूड सरितानं मागितलं होतं. मी दिलं न्हाई. ते माझ्या गल्ल्यावर हाय, शंकरसिंगच्या फोटोजवळ.