मंगळवारचा वर्ग

"सिस्टर, ठोके सापडत नाहीयेत का?"

टेबलावर पडलेल्या मुलीने विचारलं. फुंकर सिस्टरांनी यंत्राचं टोक तिच्या पोटावर थोडं खाली सरकवलं, मग डावीकडे, मग पुन्हा बेंबीपाशी आणलं. नुसती खरखर ऐकू येत होती. मध्येच ठोके लागले तेव्हा उशाशी उभा असलेला नवरा "हा काय, आहे की!" म्हणून हसला. सिस्टरांनी तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. ठोके तिचेच होते, बाळाचे नव्हते.

"डॉक्टरांना बोलावते," एवढं म्हणून त्या बाहेर पडल्या.

प्रसूतिगृहात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. बावीस वर्षं दर मंगळवारी सकाळी त्या वरच्या मजल्यावरच्या चादरींच्या खोलीत शेवटचे तीन महिने उरलेल्या बायकांचा वर्ग घेत. चटईवर बसून नाकाने श्वास घ्यायचा आणि दिव्याची ज्योत विझू न देता हलवायची असेल तशी तोंडाने सावकाश फुंकर घालायची. "कळेशी भांडायचं नाही," त्या सांगत. "ती येणार, चढणार, उतरणार. ती जाईपर्यंत आपण फुंकर घालत बसायचं." स्वतःची दोन्ही बाळंतपणं ऑपरेशनने झाली होती, ही गोष्ट त्यांनी वर्गाला कधी कळू दिली नव्हती.

यंदाच्या वर्गात ही मुलगी सगळ्यांत हुशार. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती मशीनवर बसायची. नवरा बसचा ड्रायव्हर. ऑपरेशन नको, सगळं नैसर्गिक व्हायला हवं, असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "मी कामावर पण सराव करते, सिस्टर. एक बाही शिवून होईपर्यंत चार फुंकरी बसतात. सुपरवायझर विचारतात, बाई, चहा एवढा गरम आहे का?" तेव्हा चटईवरच्या साऱ्या पोटुशा बायका पोट धरधरून हसल्या होत्या.

आणि याच मंगळवारी, वर्ग सुटल्यावर, चपलेत पाय सरकवता सरकवता ती म्हणाली होती, "कालपासून जरा शांतच आहे हा. लाथा कमी झाल्यात."

खालून सिस्टरांच्या नावाने पुकारा चालला होता. एका हातात गुंडाळलेली चटई, दुसऱ्या हातात किल्ल्या. "अगं, आता जागाच कुठे उरलीय त्याला हातपाय पसरायला! काहीतरी गोड खा आणि डाव्या कुशीवर पड जरा," त्या म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

हालचाल कमी वाटली तर घरी थांबू नका, हे त्याच खोलीच्या भिंतीवर सिस्टरांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. एरवी त्यांनी तिला दंडाला धरून खाली नेलं असतं, टेबलावर आडवं केलं असतं. पाच मिनिटांचं काम. आज गुरुवार होता.

डॉक्टर वयाने लहान होते. सोनोग्राफीच्या पडद्याकडे बराच वेळ बघून त्यांनी जे सांगायचं ते सांगितलं. नवऱ्याला पहिल्यांदा कळलंच नाही, "मग आता काय करायचं, कुठलं इंजेक्शन?" असं त्याने विचारलं. मग कळलं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"ऑपरेशन कशाला करायचं उगाच?" डॉक्टर तिला म्हणाले. "औषधाने कळा आणू. नैसर्गिकच होईल. तुम्हाला तसंच हवं होतं ना?"

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "हालचाल कमी झाली तेव्हा लगेच का नाही आलात?"

तिने मान वळवून सिस्टरांकडे पाहिलं. फार वेळ नाही, घोटभर पाणी प्यायला लागेल तेवढाच.

"मला वाटलं, झोपला असेल," ती म्हणाली.

सिस्टर तिच्या पोटावरची जेल कागदाने पुसत होत्या. पुसून झालं तरी पुसत राहिल्या. आता बोलावं, आता बोलावं असं म्हणता म्हणता डॉक्टर कागदावर सही करून निघूनही गेले.

कळा पुरत्या सुरू व्हायला शुक्रवारची सकाळ उजाडली. सिस्टरांनी कुणाला न विचारता ड्यूटी बदलून घेतली होती. पहिली मोठी कळ आली तशी मुलीने त्यांचा हात झिडकारला.

"आता कशाला फुंकर? कुणासाठी?"

"तुझ्यासाठी, बाळा."

"मला नको."

पण पुढची कळ चढू लागली तेव्हा तिचे ओठ आपोआप गोल झाले. तीन महिने घोटवलेलं अंगात मुरलं होतं. नाकाने आत, तोंडाने सावकाश बाहेर. एकदाही ती किंचाळली नाही, एकदाही तिचा श्वास चुकला नाही. बावीस वर्षांत कुणी इतकं नीट केलेलं सिस्टरांनी पाहिलं नव्हतं आणि प्रत्येक फुंकर त्यांच्या छातीत जाऊन बसत होती. सव्वाचार वाजता मुलगा झाला. खोलीत पलीकडच्या पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.

सिस्टरांनी त्याला कोमट पाण्याने पुसलं, दुपट्यात गुंडाळलं आणि आईच्या हातात दिलं. केस भरपूर होते. नवऱ्याने एका बोटाने त्याचा कान सरळ केला, तो पुन्हा दुमडला. जाताना तो सिस्टरांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून निभावलं हिचं."

सोमवारी सकाळी सिस्टर मुलीच्या घराचा पत्ता शोधत तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. वाटेत वाक्यं जुळवून आणली होती. दार मुलीनेच उघडलं. नवऱ्याचा सैल सदरा घातला होता आणि तो पुढून ओलाचिंब होता.

"दूध आलंय," ती म्हणाली. "कालपासून थांबतच नाही. याचं काय करायचं ते तुम्ही वर्गात सांगितलंच नाहीत."

जुळवलेली वाक्यं जिथल्या तिथे राहिली. सिस्टरांनी पर्स खाली ठेवली, बाह्या सरसावल्या, स्वयंपाकघरातून पातेलंभर गार पाणी आणलं. फडकी बुडवून, पिळून त्या तिच्या दगडासारख्या झालेल्या छातीवर ठेवू लागल्या. पिळून काढायचं नाही, दाबायचं नाही, हळूहळू आटेल, हे समजावून सांगितलं. ती डोळे मिटून पडून होती. नवरा खाली बर्फ आणायला गेला होता.

"मंगळवारी तू मला विचारलं होतंस," सिस्टर म्हणाल्या.

"हो."

"मी तुला तिथल्या तिथे तपासायला हवं होतं. घरी पाठवलं. डॉक्टरांसमोरही तोंड उघडलं नाही."

तिने डोळे उघडले. "मी वाट बघत होते," ती म्हणाली. "कळांच्या वेळी तुम्ही माझ्याजवळ बसून होतात ना, तेव्हाही. म्हटलं, आता सांगतील."

"तपासलं असतं तर तो..." सिस्टरांनी दुसरं फडकं पाण्यात बुडवलं.

"ते नका सांगू. असता की नसता, दोन्ही ऐकवणार नाही मला." तिने गरम झालेलं फडकं काढून त्यांच्या हातात दिलं. "ह्यांना काहीच माहीत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला तुमचे गोडवे गातायत. तुम्हीच सांगा. मला ते तोंडातून काढवत नाही."

"डॉक्टरांना इथे येण्याआधीच सगळं लिहून दिलंय," सिस्टर म्हणाल्या. "वर्ग आता दुसरं कुणी घेईल."

कूस बदलून तिने भिंतीकडे तोंड केलं.

जिन्यात पावलं वाजली. नवरा आत आला. अंगावर कामाचा खाकी गणवेश, हातात बर्फाची पिशवी. सिस्टरांना पाहून त्याचा चेहरा उजळला. "अहो, तुम्ही कशाला तसदी घेतलीत! थांबा, चहा टाकतो."

"चहा नको," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही जरा बसा. मला काही सांगायचंय."

तो स्टुलावर बसला. बर्फ खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही. सिस्टर बोलू लागल्या, तेव्हा पिशवी त्याच्या मांडीवरच होती. पॅन्टवर पाण्याचा डाग हळूहळू पसरत गेला, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत त्याने ती हलवली नाही.