शकुची सहाण

नऊ दिवसांत कमी वजनाच्या बाळांच्या वॉर्डातून जुलाबाचे चार नमुने आले आणि चारही रिपोर्टांवर रत्नप्रभाने एकच ओळ लिहिली: ई. कोलाय, आतड्यातले नेहमीचे जंतू. अंधेरीच्या त्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं हीच ओळ लिहीत आली होती. चारांतली दोन बाळं गेली.

पाचव्या नमुन्याची प्लेट उघडली तेव्हा तिच्यात दुसरं काहीच उगवलेलं नव्हतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच जात. नेहमीच्या जंतूंत एवढी एकी नसते, हे तिला ठाऊक होतं. मे महिना होता, पंखा बिघडलेला, पाय सुजलेले. घरी जाऊन आडवं व्हावं एवढीच इच्छा उरली होती. तरी आधीच्या चार नमुन्यांच्या नळ्या फेकायच्या राहिल्या होत्या, त्या तिने शोधून काढल्या आणि पाचवीसकट परळच्या संशोधन केंद्रात मधुकरकडे नेऊन दिल्या. मधुकर पूर्वी तिच्याच हाताखाली काम शिकला होता.

तिसऱ्या दिवशी त्याने बोलावून घेतलं.

"बसा बाई. आधी चहा की आधी वाईट बातमी?"

"चहा गार झाल्यावरच प्यायची सवय आहे मला. दाखव."

त्याने काचेवर माणसाच्या पेशींचा पातळ थर वाढवला होता. त्यावर जंतू सोडायचे, तीन तास ठेवायचे, मग धुऊन टाकायचे. पहिली काच निरोगी बाळाच्या जंतूंची होती. धुतल्यावर पेशी स्वच्छ. दुसऱ्या काचेवर तिने आणलेल्या नळ्यांतले जंतू होते. पेशींवर जागोजागी त्यांचे पुंजके बसले होते. देवगडच्या खडकांवर कालवं बसलेली असतात, तसे.

"सहा वेळा धुतलंय," मधुकर म्हणाला. "आतड्याच्या पेशीवर बारीक लव असते ना, दूध-पाणी तिच्यातूनच अंगात शिरतं. हे चिकटले की त्यांच्या खालची लव झडते. मग पोर कितीही प्यालं तरी वाहूनच जातं."

"पाचही असेच?"

"पाचही. एकाच जागेवरून आलेत, बाई. जागा शोधा."

तिने दोन दिवस शोधली. बाटल्या, बुचं, नळ, वजनकाटा, नर्सांचे हात, सगळीकडे कापसाचा बोळा फिरवला. काही सापडलं नाही. प्रत्येक आईला विचारलं, बाळाच्या पोटात अजून काय गेलं? प्रत्येकीने तेच सांगितलं: अंगावरचं दूध, दुसरं काय नाय. वेसाव्याची जया तर उलट तिलाच विचारायची. सोळाशे ग्रॅमची मुलगी, त्याआधीची दोन बाळंतपणं वाया गेलेली.

"बाई, माझ्या पोरीला तर नाय ना लागायचं?"

"बघू," रत्नप्रभा म्हणायची. याहून खरं काही तिच्याकडे नव्हतं.

मंगळवारी अकरा वाजता ती वॉर्डातल्या आयाला, शकुला, जेवायला बोलवायला गेली. दोघी वीस वर्षं एका डब्यात जेवत होत्या. मेट्रन चहाला गेली होती, म्हणून शकुने कपाटामागची सहाण काढली होती.

"थांब गं रत्ना, एवढी गुटी चाटवते नि येते. तुझी मुरुडशेंग संपली बघ. गावाहून येताना आण परत."

रत्नप्रभा दारातच थांबली. वर्षानुवर्षं ती हे बघत होती. मुरुडशेंग, वेखंड तीच दर मे महिन्यात आणून देत होती. एक सहाण, एका वाटीतलं पाणी, एक बोट, या बाळाच्या तोंडातून त्या बाळाच्या तोंडात. गुटी म्हणजे पोटात घातलेली वस्तू, हे ना बाळंतिणींच्या मनात आलं, ना तिच्या.

"शकु, ही धुतेस कशाने?"

"नळाखाली. नि पदराने पुसते. का गं?"

"ठेव खाली. बोळा फिरवते."

"माझ्या सहाणेवर?" शकुचा आवाज चढला. "तुझ्या बाळाला हिच्यावरच उगाळून घातली मी! मी काय पोरं मारते?"

"चार कागदांवर 'नेहमीचे' लिहिलंय मी. तुझ्याआधी माझा नंबर आहे." तिने आवाज खाली आणला. "जयाच्या मुलीला दिलीस?"

शकुने आपल्या ओल्या बोटाकडे पाहिलं. "आत्ताच. पहिल्यांदाच."

रत्नप्रभाने बोळ्यावरचे जंतू प्लेटवर उगवायची वाट पाहिली नाही. तशीच डॉक्टरांकडे गेली आणि सगळं सांगितलं, मुरुडशेंग कोणी आणली तेही. मुलीला वेगळं ठेवलं. तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले, पण तासाभरात सलाइन लागलं होतं. जया दूध पिळून वाटीत काढायची आणि चमच्याने पाजायची. शकुची बदली धोबीखान्यात झाली. दुपारी ती वॉर्डाच्या दाराशी यायची, आत यायची नाही. "पितेय का?" एवढंच विचारायची.

सहाणेवरचे जंतू तेच निघाले. जुलाब झालेल्या बाळांत जयाची मुलगी सहावी आणि शेवटची. वॉर्डात नवीन कोणाला लागण झाली नाही.

बाराव्या दिवशी मुलगी पुन्हा सोळाशेवर आली. तिला गुंडाळून घेत जयाने विचारलं, "बाई, घरी गेल्यावर गुटी चालू करू ना?"

"नको गं बाई," रत्नप्रभा म्हणाली. तिला ओरडायचं होतं. पण तेवढी ताकद नव्हती. "नुसतं दूध पाज. अंगावरचं."

मग ती प्रयोगशाळेत आली, रजिस्टर काढलं आणि मागची पानं उलटली. चार ठिकाणी 'नेहमीचे' खोडून रोगकारक असं लिहिलं, प्रत्येक ठिकाणी सही केली, आजची तारीख घातली. त्यातल्या दोघांना नाव ठेवायची वेळच आली नव्हती. नावाच्या रकान्यात नुसतं होतं, प्रेमा हिचं बाळ. सगुणा हिचं बाळ.