हिरव्या काचेच्या तीन पट्ट्या

पाणी सोडून फरशी कापायचं जे मशीन त्या घरात होतं, त्याबद्दल मत द्यायचा अधिकार तिघांना होता. धाकट्या मुलाला, कारण तो फरशा बसवायचा आणि मशीन मुळात त्याचंच होतं. थोरल्याला, कारण तो थोरला होता. आणि या दोघांच्या वडिलांना, अण्णांना, कारण त्या मशीनवर फरशीऐवजी रंगीत काच कापून त्यांनी चाळीसेक खिडक्या उभ्या केल्या होत्या. मशीनवर आता रोज उभी राहायची ती मात्र थोरली सून. तिच्याकडे अधिकार नव्हता, नुसतं काम होतं.

आणि काम अडलं होतं. वाचनालयाच्या जुन्या खिडकीतल्या तीन हिरव्या पट्ट्या फुटल्या होत्या. पोटात लाटा असलेली तसली काच करणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. शेवटचा एक तुकडा अण्णांनी चादरीत गुंडाळून वीस वर्षं कपाटामागे जपला होता. त्यातून मोजून चार पट्ट्या निघणार, म्हणजे चुकायची मुभा एकदाच. सून मात्र साध्या काचेवर सराव करताना दर वेळी चुकत होती. काच सुरेख कापली जायची, आणि शेवटची दोन बोटं उरली की टवका उडायचा. कधी अख्खा कोपराच हातात यायचा.

बाई चिवट होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काच कापायची, फुटलेला तुकडा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा आणि वर चिठ्ठी चिकटवायची, असा तिचा क्रम. ‘नवं पाणी.’ ‘पंपाची जाळी साफ.’ ‘पातं विटेवर घासून धार काढली.’ ‘पातं नवं.’ ‘काचेला खालून चिकटपट्टी.’ ‘अगदी हळू.’ आठवडाभरात कट्ट्यावर अकरा तुकडे जमले आणि चिठ्ठ्यांवर लिहिण्यासारखं काही उरलं नाही.

धाकटा दीर येऊन गेला. त्याने एक फरशी घातली, लोण्यासारखी कापून दाखवली आणि हात झटकले. ‘मशीन उत्तम आहे, वहिनी. काच नाजूक असते,’ हे त्याने अशा सुरात सांगितलं, की जणू नऊ वर्षं ती त्या खोलीत लाकूडच फोडत होती. नवरा कामावरून आला की चपला काढता काढता विचारायचा, पाणी बघितलंस का. पाणी बघून झालं होतं, दोनदा. तरी त्याचा संशय पाण्यावरून हलेना, कारण त्या मशीनमधलं पाण्याखेरीज दुसरं काही त्याला ओळखू येत नव्हतं.

अण्णा दाराजवळच्या खुर्चीत असायचे. महिन्यापूर्वी गुडघ्यांनी उभं राहायला साफ नकार दिला, तेव्हा त्यांनी मशीन सुनेच्या हवाली केलं होतं. त्याआधी ती जोडकामापुरती होती, कापायचे ते एकटे अण्णाच. आता ते एकच शब्द बोलायचे, ‘हळू’. काच फुटली की जिभेने च् करायचे आणि खुर्चीत किंचित ताठ बसायचे. सुनेने ते टिपलं होतं. राग मात्र धरला नव्हता. आपल्यावाचून अडतंय म्हटल्यावर पाठ ताठ होत नाही असा माणूस तिने तरी पाहिला नव्हता.

त्या दुपारी अण्णा आत झोपले होते. कट्टा पुसायला म्हणून तिने तुकडे उचलले आणि परत ठेवताना सगळ्यांची तोंडं एका दिशेला केली. मग तिचा हात थांबला. अकराच्या अकरा टवके उजव्या बाजूला होते. पाणी कमी पडलं असतं तर दोन्ही कडा खराब झाल्या असत्या, पातं बोथट असतं तरी दोन्ही. उजवीकडे होतं फक्त गाइड, काच जिला टेकवून सरळ पुढे ढकलायची ती लोखंडी पट्टी.

तिने पात्याला एक ठोकळा टेकवला आणि ठोकळा नि गाइड यांच्यामधल्या फटीत पोस्टकार्ड सरकवून बघितलं. पुढच्या टोकाला ते सैल गेलं, मागे अडकलं. म्हणजे काच शेवटाला पोचली की पातं आणि गाइड यांच्या चिमटीत सापडत होती. तिने बोल्ट सैल केला. गाइडच्या मागच्या टोकाआड पत्र्याची एक बारीक घडी दडपलेली होती, आणि तिच्या कडा कानशीने घासून गोल केल्या होत्या. हे धाकट्याचं काम नव्हे, तो घाईचा माणूस. कोणाचं बोट कापू नये म्हणून जिथे कोणाचं बोट जाणारच नाही तिथल्या कडा घासणारा माणूस घरात एकच होता.

अकरा वर्षांपूर्वी, ती या घरात नवी असताना, अण्णा शिडीवरून पडले होते. उजव्या मनगटाचं प्लास्टर निघालं, आणि हात पहिल्यासारखा झाला असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. तेव्हापासून कापताना खोलीत कोणी थांबलेलं त्यांना चालत नसे, पुढे जोडकामाला आलेली तीसुद्धा; लक्ष जातं म्हणायचे. आणि तेव्हापासूनच चहाचा कप त्यांच्या डाव्या हातात असायचा, हे तिला आता आठवलं. मनगट शेवटाला वळत नव्हतं, काच डावीकडे पळत होती. तर काच पळायची तिकडे त्यांनी गाइडलाच थोडं पाठवून दिलं होतं. मशीन बिघडलेलं नव्हतंच, ते दुसऱ्याच्या हाताला लावलेलं होतं.

पत्रा काढून तिने साधी काच घातली. शेवटपर्यंत स्वच्छ कापली गेली. बारावा तुकडा कट्ट्यावर ठेवला, चिठ्ठी चिकटवली, पण तिच्यावर खरं कारण लिहायला पेन चालेना. मग तिने पत्रा होता तसा जागेवर बसवला.

हिरवी काच माझ्यासमोरच कापायची, असं अण्णांनी बजावलं होतं, आणि कापण्याआधी ते गाइडवरून हात फिरवून बघणार हेही ठरलेलं. पत्रा ठेवला तर काच जाणार. काढला तर तिला कळलंय हे त्यांना कळणार. ते झोपलेत तोवर गुपचूप उरकता आलं असतं. पण वीस वर्षं जपलेली चादर त्यांच्या माघारी उलगडायला तिचा हात धजेना.

चहा झाल्यावर अण्णा खुर्चीत येऊन बसले. काच टेबलावर मांडली होती, पंप चालू होता.

‘अण्णा, हे गाइड तुमच्या हाताला लावलेलं आहे,’ ती म्हणाली. ‘माझ्या हाताला लावून घेऊ?’

अण्णांनी पडणाऱ्या पाण्याकडे पाहतच विचारलं,

‘कधी कळलं?’

‘आज दुपारी.’

‘म्हणजे अकरा वर्षं टिकलं,’ ते म्हणाले, आणि त्या सुरात थोडं कारागिराचं समाधानही होतं. मग टेबलाला धरून उठले, डाव्या हाताने बोल्ट सैल करून पत्रा काढला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. ‘त्या दोघांना...’ असं म्हणून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

तिने पहिली पट्टी घातली. शेवटची दोन बोटं आली. अण्णा ‘हळू’ म्हणाले नाहीत. कड पाण्यातून गुळगुळीत बाहेर आली. दुसरी आली, तिसरीही आली. चौथ्या पट्टीपुरती काच तिने पुन्हा चादरीत गुंडाळली आणि कपाटामागे सारली.

दिवे लागायच्या सुमाराला नवरा आला. टेबलावरच्या पट्ट्या पाहून दारातच थांबला आणि शेवटी होतं तरी काय, असं त्याने विचारलं.

अण्णा आपल्या खिशाकडे बघायला लागले. सुनेने मनात हिशेब मांडला. हे एक उत्तर दिलं की पुढची दहा वर्षं नळ गळो, गाडी बंद पडो, नाहीतर दूध नासो, तिला या दिवसाची आठवण करून दिली जाणार होती. सौदा महागातला होता.

‘पाणी,’ ती म्हणाली. ‘तू म्हणत होतास तेच.’

धाकट्याला कळवायला नवऱ्याने लगबगीने फोन काढला. तो बोलत होता तोवर तिने बाराव्या तुकड्यावरच्या कोऱ्या चिठ्ठीवर ‘पाणी’ असं ठसठशीत लिहिलं, आणि दारातून येणाऱ्याला आधी दिसेल असा तो तुकडा पुढे ठेवला.